बंडीच्या पोटात हात

उन्हाळ्यात आमच्या घाटंजीकडच्या खेड्यांमध्ये दोन प्रकारचे पाहुणे हिंडतात. एक, बियाण्याच्या कंपन्यांची माणसं. दुसरे, आम्ही मास्तर. दोघांच्याही हातात रंगीत पत्रकं असतात, दोघंही त्याच ओट्यावर बसतात, तोच बिनदुधाचा चहा पितात आणि येत्या जूनबद्दल जवळजवळ एकच भाषण करतात. फरक एवढाच, की त्यांच्याकडे जीप असते आणि फुकट वाटायला टोप्या असतात. लोक त्यांच्या टोप्या घालून आमच्यासमोर बसतात. एका ओट्यावर मी घसा कोरडा पडेपर्यंत शाळेबद्दल बोललो होतो. घरधनी मान डोलवत होता, डोळे मिटत होता, उघडत होता. मी थांबलो तसा म्हणाला, "ते समदं बराबर हाय जी. पन एकरी पाकिटं किती लागतीन?"

मास्तरांचा उन्हाळा म्हणजे सुट्टी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमची शाळा अनुदानित, आठवी ते दहावी. सप्टेंबरअखेर पोरं मोजतात. पोरं कमी भरली की तुकडी तुटते, आणि तुकडी तुटली की सगळ्यांत नवा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. भाजीत मीठ जास्त झालं तर आपण निदान बटाटा टाकून पाहतो. माणूस जास्त झाला की त्याला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टाकतात. म्हणून पेपर तपासून झाले की आम्ही पोरं शोधायला निघायचो, आणि ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. एका साली भाव पडला, दुसऱ्या साली बोंडात गुलाबी अळी निघाली, तिसऱ्या साली दोन्ही झालं. घरंच्या घरं कुलूप लावून वीटभट्टीवर, नाहीतर पुण्याकडं बांधकामावर निघून गेली होती. पोरंही त्यांच्यासोबत गेली. आम्ही कुलपांसमोर उभे राहून घामाघूम व्हायचो आणि पत्रक दाराच्या फटीत खोचून पुढं जायचो.

त्या वर्षी आमच्यात सगळ्यांत नव्या होत्या विज्ञानाच्या मॅडम. रोज यवतमाळहून एसटीनं यायच्या. नवऱ्याचं तिकडं मोबाइल दुरुस्तीचं टपरीएवढं दुकान, मुलगी बालवाडीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले. पहाटे सगळ्यांचं करून पहिल्या गाडीनं निघायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. त्यांचा सगळा संसार एसटीच्या वेळापत्रकावर उभा होता. त्या अतिरिक्त ठरल्या आणि उमरखेड-महागावकडं कुठं टाकल्या गेल्या, तर त्या संसाराचे सरळ दोन तुकडे होणार होते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही होतं. तरी प्रचाराच्या कामाला इतकं निकामी माणूस मी दुसरं पाहिलं नाही. एका बाईनं विचारलं, "मॅडम, पोराले तालुक्याच्या शाळेत टाकू का तुमच्याच?" तर या गंभीरपणे म्हणाल्या, "तालुक्याची तुम्हाला जवळ पडेल, ताई. रस्ताही चांगला आहे." मी टेबलाखालून पाय मारणार होतो, पण आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि तिथं टेबल नव्हतं.

मी मराठी शिकवतो. नववी-दहावीला जाहिरातलेखन असतं. मनमोहक शब्द, ठसठशीत मथळा, संपर्काचा पत्ता, आणि शेवटी 'त्वरा करा'. म्हणजे पोरांना मन लावून फेकायला शिकवायचं आणि जो जास्त फेकेल त्याला जास्त गुण द्यायचे. आमच्या पोरांना हे फार आवडायचं. एकानं लोणच्याची जाहिरात लिहिली: 'आमचे लोणचे खा, दवाखाना विसरा.' दुसऱ्यानं शिकवणीवर्गाची: 'नापास झाल्यास पैसे परत, पास झाल्यास दुप्पट परत.' त्याला मी बोलावून विचारलं, की मग तुझा धंदा कसा चालणार? तो म्हणाला, "सर, लोकं येतीन त सही. मंग पाहू."

एका संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा तपासता तपासता त्या 'त्वरा करा'चा मला इतका शीण आला, की दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहिरात लिहायला लावलीच नाही. म्हटलं, आज उलटं. आज जाहिरात उसवायची. फळ्यावर झोकदार अक्षरात लिहिलं: हे कोण सांगतंय? त्याला काय मिळणार? काय सांगायचं राहिलंय? पोरांनी हे प्रश्न मान खाली घालून वहीत उतरवून घेतले, खाली रेघ मारली आणि म्हणाली, "सर, आता उत्तरं सांगा." मी खडू खाली ठेवला. दुपारचा तास, डोक्यावर पत्रे, पंख्याला भारनियमन. मीही खुर्चीत बसलो.

बसल्या बसल्या खिडकीतून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून कापसाची एक बंडी, म्हणजे बैलगाडी, खरेदी केंद्राकडं चालली होती. मी सहज विचारलं, "काय रे, केंद्रावर ग्रेडर काय करतो?"

वर्ग जागा झाला! आमच्याकडं हे ज्याला ठाऊक नाही असं पोर सापडायचं नाही. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस. तो बंडीजवळ येतो, वरच्या कापसाकडं पाहतही नाही, बाही वर सारतो आणि बंडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून तळातली मूठ बाहेर काढतो. एका पोरानं दप्तरांचा ढीग करून ते करूनच दाखवलं, ग्रेडरचं तोंडही केलं. हुबेहूब! जगातल्या सगळ्या ग्रेडरांना बहुधा पोटदुखी असते.

"काहून घालतो आत हात?" मी विचारलं.

"वरतून पांढरा असते नं सर. कवडी खाली असते." कवडी म्हणजे डागी, पिवळा कापूस.

"खाली कोण टाकतं ती?"

मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "आमचा बाप."

"अन् तुया बाप टाकते त माया बाप का धुतला तांदूय हाय?" शेजारचा म्हणाला, आणि सगळा वर्ग आपापल्या बापांवर पोट धरून हसला.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात 'हात घालणं' सुरू झालं. चहाच्या टपरीवरून मी बियाण्याचं एक पोस्टर मागून आणलं. त्यात डोक्याएवढी उंच पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, तिला खालपासून वरपर्यंत फुटलेली पांढरी बोंडं, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून हसणारा शेतकरी. दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची, बुद्धविहारामागच्या वस्तीतली. आई रोजानं कापूस वेचायला जायची, सुट्टीत हीही. ती उठून पोस्टरजवळ गेली, नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "सर, हे झाड खोटं हाय."

"काहून?"

"सारे बोंडं एका दिवशी फुटते काय? खाल्तं फुटते तवा वरतं फुलं असते. अन् पानं पाहा कसे हिरवेगार. इतका कापूस फुटला त पानं लाल होऊन गयून जाते."

"अन् त्या मानसाचा शर्ट पाहा," दुसरा ओरडला. "घडीचा हाय. बोंडाच्या टोकानं एक धागा नाई निघाला."

"तो येचायले थोडीच गेला, तो फोटो काढायले गेलता."

"मंग इतले बोंडं आले कुठून?"

"ओवले असतीन. तोरणावानी."

तास संपेपर्यंत त्यांनी त्या शेतकऱ्याच्या अंगावर काही ठेवलं नाही. पुढं मग गोरं करणारी क्रीम झाली. "सर, ते बाई आधी अंधारात बसली होती, मंग लाइट आली." उंची वाढवणारी पावडर झाली. मोबाइलवर हिंडणारे निरोप झाले: अमुक झाडाचा पाला उकळून फवारा, अळी गायब, हा निरोप पुढं पाठवा. "कोन पाठवला सर, त्याचं वावर कुठं हाय, हे नाई लेहलं." मी खुर्चीवर टेकून ऐकायचो. इतक्या वर्षांत माझा तास कमी झाला आणि पोरांचा वाढला, असं पहिल्यांदाच होत होतं, आणि खरं सांगायचं तर पायांना बरं वाटत होतं.

एकदा तीच मुलगी विचार करून म्हणाली, "सर, मंग आमीबी जाहिरातच करतो नं? वरून पांढरा टाकून?"

मी म्हणालो, "घंटा झाली."

घंटा झाली नव्हती.

एप्रिलमध्ये संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी प्रवेशाचं पत्रक छापून आणलं. यवतमाळला, चकचकीत कागदावर. वर कॉम्प्युटरांची लांबच लांब रांग, त्यांच्यासमोर टाय बांधलेली पोरं, आणि त्यातल्या एकाचे डोळे चक्क निळे! आमच्या भागात निळे डोळे एका मांजराचे होते, आणि तेही वणीला दिलं होतं. खाली ओळी: सुसज्ज प्रयोगशाळा. डिजिटल वर्ग. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह. यातली शेवटची ओळ तर शपथेवर खरी होती. स्वच्छतागृह होतं, स्वतंत्र होतं, वर निळा रंगही होता. त्याला कुलूप होतं, एवढं पत्रकात मावलं नव्हतं. टाकीला पाणी चढत नव्हतं आणि येणारे-जाणारे घाण करायचे, म्हणून कुलूप. किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

तालुक्याच्या शाळेनंही पत्रक काढलं होतं. त्यावर एक पिवळी व्हॅन होती आणि 'ने-आण मोफत'. ती व्हॅन पाहिली तेव्हाच आमचे हेडमास्तर खुर्चीत थोडे खाली सरकले.

"सर," अध्यक्षसाहेब मला म्हणाले, "भोंगा लावून ऑटो फिरवू. आवाज तुमचा." स्नेहसंमेलनात राजा मी, राक्षस मी, आणि माइक बिघडला की आकाशवाणीही मीच, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. मॅडम सोबत यायच्या, बायकांशी बोलायला. पुढं आठवडाभर आम्ही त्या ऑटोत भाजलो. 'पालकहो! आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भविष्यासाठी!' हे मी इतक्या वेळा म्हटलं की रात्री घरी जेवायला बसलो तरी भाजीला 'पालकहो' म्हणावंसं वाटायचं. त्या पोस्टरवरच्या शेतकऱ्याचा मला त्या दिवसांत थोडा जिव्हाळा वाटू लागला. त्यालाही कुणीतरी सांगितलंच असेल, की कमरेवर हात ठेव आणि हस.

मग आम्ही त्या मुलीच्या गावात पोचलो. सकाळची वेळ, पाण्याच्या टाकीजवळ बायकांचे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, रांगेत लागलेले, नळाला पाणी यायचं होतं. आयती गर्दी. ऑटोवाल्यानं निंबाखाली गाडी लावली. मी माइक हातात घेतला, पत्रक उंच धरलं आणि सुरू झालो. आवाज चांगला लागला होता. प्रयोगशाळेला मी टाळीची जागा ठेवली, डिजिटल वर्गांवर आवाज चढवला, निळ्या डोळ्यांच्या पोरावर बोट ठेवून म्हणालो, "उद्या इथं तुमचं लेकरू असेल!"

गर्दीतून ती पुढं आली. नववी नुकतीच झालेली. हाताला धरून धाकटी बहीण, सातवी पास, म्हणजे नेमकी आम्हाला हवी ती. माइकच्या अगदी जवळ उभी राहून तिनं विचारलं, "सर, हात घालू काय?"

भोंग्यातून ते गावभर गेलं.

"कायचा हात, वं पोरी?" रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं.

"सर शिकवते आमाले. जाहिरात आली की ग्रेडरसारखा अंदर हात घालाचा."

"मंग घाल नं बाप्पा! कायले इचारून राह्यली?"

मी मॅडमकडं पाहिलं. त्या पर्सचा बंद नीट करत होत्या. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं, म्हणजे त्याला नीट ऐकू यावं.

"घाल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माइक चालू होता.

"हे कॉम्प्युटर आपल्या शाळेतले हायेत काय?"

"नाहीत."

"मंग आपले कुठं हायेत?"

"एक आहे. हेडमास्तरांच्या खोलीत."

"चालते?"

"त्यावर पोतं टाकलेलं असतं. पोत्याखाली चालत असेल तर सांगता येत नाही."

रांग हसली. माझ्यातला नटही जरा सुखावला, खोटं कशाला बोलू. पण पोरगी हसत नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीचं वर्ष होतं ते.

"टाय कोन बांधते?"

"कुणीच नाही."

"प्रयोगशाळा?"

"एक कपाट आहे. त्यात मॅडमनी घरून आणलेल्या बाटल्या आहेत, एक भिंग आहे, आणि कुणीतरी पकडून आणलेला विंचू आहे, मेलेला."

"विंचू खरा हाय," तिनं आईकडं वळून सांगितलं. "म्या पाह्यला."

तोवर तिची आई गुंड खाली ठेवून पुढं आली होती. उन्हानं रापलेली, बारीक अंगाची बाई. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. पत्रकातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून लेकीला विचारलं, "हे काय लेहलं?" लेकीनं वाचून दाखवलं. मग ती मॅडमना म्हणाली, "पोरीयसाठी हाय म्हनते. खरं सांगा मॅडम. माही मोठी त सकायपासून पाणीच पेत नाई शाळेच्या दिवशी. घरी आल्यावर धावते."

मी माइकवर म्हणालो, "आहे ना, ताई, स्वतंत्र आहे," आणि पुढचं वाक्य जुळवू लागलो. मॅडमनी माझ्या हातातून माइक घेतला. घेतला म्हणजे हळूच, वर्गात पोरांच्या हातातून कर्कटक काढून घ्यावं तसा.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण पाणी नाही म्हणून कुलूप असतं. किल्ली माझ्याकडे असते. मी असले की मुलींना उघडून देते, बादलीनं पाणी टाकतो. मी रजेवर असले की मोठ्या मुली दुपारी घरी जातात आणि परत येत नाहीत."

मी माइकवर हात ठेवला, पण तोवर सगळं गाव ऐकून चुकलं होतं. नळाला पाणी आलं, पहिल्या गुंडात धार वाजायला लागली.

बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेला एक म्हातारा निंबाखाली बसला होता. तो म्हणाला, "दोन नंबरचा माल हाय."

"पन ओल नाई, बुढा," म्हातारी म्हणाली. "सुका हाय."

ओल्या कापसाचं वजन जास्त भरतं, म्हणून त्यात पाणी मारणारेही असतात. सुका माल म्हणजे प्रत कमी असली तरी निदान फसवणूक नाही. एवढी एक शाबासकी घेऊन आम्ही त्या गावातून निघालो. एकाही पोराचं नाव लिहून घेतलं नव्हतं.

परतताना ऑटोत मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे हो."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "उद्या त्या मुली आल्या आणि कुलूप दिसलं, तर त्या मला विचारतील. तुम्हाला थोडंच विचारणार आहेत?" मग त्यांनी ऑटोच्या लोखंडी दांडीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. दर खड्ड्याला डोकं आपटत होतं, तरी त्या उठल्या नाहीत. पहाटेपासून जागं असलेलं माणूस असंच झोपतं.

अध्यक्षसाहेबांपर्यंत बातमी आमच्याआधी पोचली. "शाळा चालवता की तमाशा?" त्यांनी मला विचारलं. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, पण ऊन फार झालं होतं. मी माठातलं पाणी प्यायलो.

नंतर जे कळलं ते त्या मुलीच्याच तोंडून. ती आईला आणि बहिणीला घेऊन तालुक्याच्या शाळेतही गेली होती. तिथल्या सरांनी पत्रक दिलं, सरबत दिलं. ती सरांशी बोललीच नाही, बाहेर व्हॅनच्या ड्रायव्हरकडं गेली आणि विचारलं, "भाऊ, दिवाळीनंतर येता काय?" ड्रायव्हर हसला. म्हणाला, "पोरं मोजून होईस्तोवर त येतोच. पुढचं मालकाले मालूम." पण तिथल्या संडासाला कडी होती आणि पाणी होतं, हेही तिनं पाहून घेतलं आणि आईला जसंच्या तसं सांगितलं. मला हे ऐकून अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही. पण मी शिकवलेला ग्रेडर आता सगळ्या बंड्यांत हात घालत होता, आणि त्यातली एक बंडी माझी होती.

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात त्या गावच्या पाच-सहा बायका हेडमास्तरांच्या खोलीसमोर येऊन उभ्या राहिल्या. मुलीची आई पुढं.

"पोरी टाकतो तुमच्याकडं," ती म्हणाली. "त्या व्हॅनचा दिवाळीनंतर भरवसा नाई. पन ते कुलूप काढा. अन् पाणी ठेवा."

हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "असं आहे ताई, अध्यक्षसाहेबांना विचारावं लागेल."

"इचारा. आमी बसलो हाओत."

आणि त्या खरंच व्हरांड्यात बसल्या. भाकरी बांधून आणली होती. मधल्या सुट्टीत पोरांनी त्यांच्याभोवती घोळका केला, एकीनं एका पोराला चटणीही दिली. हेडमास्तर आतून दोनदा डोकावले. अध्यक्षसाहेबांचा फोन लागत नव्हता की हेडमास्तरांना तो लावायचाच नव्हता, हे मी आजही सांगू शकत नाही. शेवटचा तास सुरू झाला तेव्हा त्यांनी शिपायाला हाक मारली. कुलूप निघालं. हातपंपाजवळचा पत्र्याचा ड्रम उचलून तिकडं नेला आणि रोज सकाळी तो भरायचं काम शिपायाच्या माथी आलं. शिपाई पुढं महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या मते हे सगळं माझ्या शिकवण्याचं फळ होतं.

त्या गावच्या मुली आल्या. धाकटी बहीणही आली. आठवीच्या वर्गात मुलींची रांग मुलांपेक्षा लांब झाली, हे आमच्या शाळेनं पहिल्यांदाच पाहिलं. मुलगे मात्र व्हॅनमध्ये बसून गेले. बाकीच्या गावांतून जी यायची ती वीटभट्ट्यांवरून परतलीच नाहीत. सप्टेंबर संपता संपता मोजणी झाली. साहेब लोक आले, पोरांना उभं केलं, बसवलं, चहा प्याले. पोरं कमी भरली. तुकडी तुटली.

भोंग्यामुळं किती पोरं गेली आणि कुलूप काढल्यामुळं किती आली, यावर अध्यक्षसाहेब पुष्कळ बोलले, पण फक्त पहिल्या भागावर. मीही बरेच दिवस मनात ती बेरीज-वजाबाकी करत होतो. जमली नाही, मग सोडून दिली. त्या वर्षी कुणाचीच बेरीज जमत नव्हती.

मॅडमना फुलसावंगीकडच्या एका शाळेत पाठवलं. यवतमाळहून रोज जाऊन-येऊन करण्यासारखं ते अंतर नाही. त्यांनी तिकडं एक खोली घेतली, मुलीला सोबत नेलं. नवरा आणि सासूबाई यवतमाळलाच राहिले. निरोपाला आम्ही पोहे केले, शाल दिली, मी भाषण केलं. भाषण वाईट झालं. मुली रांगेत उभ्या होत्या. शेवटी ती दहावीतली पुढं झाली.

"मॅडम, तुमी आमच्यामुळं चालल्या काय?"

"नाही गं. मोजणीमुळं चालले," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर आलात ना." मग त्यांनी घड्याळ पाहिलं, कारण गाडीची वेळ झाली होती, आणि फाटकाकडं चालायला लागल्या.

दिवाळीनंतरही विज्ञानाला कुणी नवं आलं नाही. हेडमास्तरांनी वेळापत्रक खाली-वर केलं आणि दहावीचं विज्ञान माझ्या गळ्यात घातलं. "तुमचा आवाज मोठा आहे," हे त्यांचं कारण. मी विद्युतधारा शिकवली ती अशी, की शेवटी धारेचीच पोरांना दया आली. रोध आला की मी छातीवर हात मारायचो. ती दुसऱ्या बाकावरची मुलगी सगळं शांतपणे ऐकायची. एके दिवशी शाळा सुटल्यावर ती चार-पाच जणींना घेऊन आली.

"सर, तुमी चांगलं सांगता. पन समजून नाई राह्यलं. मॅडमले फोन लावा नं."

मी लावला. स्पीकर चालू करून मोबाइल टेबलावर ठेवला. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, मॅडमच्या लेकीनं काहीतरी सांडलं, मॅडम तिला रागावल्या, आणि मग म्हणाल्या, "हं, कुठं अडलं?" मुली टेबलाभोवती वाकल्या. मॅडम सांगत होत्या, थांबत होत्या, लेकीला हातात पोळी देत होत्या, पुन्हा सांगत होत्या. आवाज दमलेला होता, पण धागा कुठं तुटत नव्हता. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मॅडम, म्हणजे कसं, समजा एक नदी आहे आणि..."

"सर, तुम्ही मध्ये बोलू नका," पलीकडून आवाज आला. "फळ्यावर सांगते तशी आकृती काढा. आधी सरळ रेघ."

मुली हसल्या. मी खडू उचलला आणि सरळ रेघ काढली.